पेव, वखार आणि शाळा : पलासियातील शाळागृहांविषयी काही विचार

आपल्या आचार्यांनी दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहार, औषध, अभय आणि ज्ञान. त्यांपैकी ज्ञानदानाकडे इंदूरच्या व्यापारी वर्गाचा ओढा पूर्वापार आहे. मंडीतील सौद्यामागे जो धर्मादा निघतो, त्यातून पाठशाळा चालल्या, वसतिगृहे उभी राहिली. परंतु शाळेसाठी द्रव्य देणे आणि शाळा नीट बांधणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आम्हांस स्वतःच्या चुकीमुळे उमगले. ती चूक येथे मांडावी, आणि तिच्या निमित्ताने जो थोडाबहुत अभ्यास घडला तोही व्यापारी बंधूंपुढे ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. आम्ही स्थापत्यशास्त्रज्ञ नव्हे. भुसार व्यापारात आयुष्य गेले. तेव्हा विवेचनात धान्याची उपमा वारंवार येईल, तिची वाचकांनी क्षमा करावी.

सुमारे बारा वर्षांपूर्वी पलासिया भागातील एका शाळेच्या इमारत-समितीत आम्ही सभासद होतो. शाळेचे नाव देण्याचे कारण नाही. दोष समितीचा, व समितीत आमचा स्वतःचा होता. आग्रा-मुंबई रस्ता पलासियातून साधारणतः दक्षिणोत्तर जातो. त्यामुळे त्याच्या पूर्व बाजूच्या भूखंडांचे तोंड पश्चिमेस येते. आमचा भूखंड तसाच. जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या नजरेत भरावी म्हणून आम्ही पश्चिमेची सबंध भिंत काचेची केली. नकाशात वर्गांपुढे आठ फुटांची पडवी दाखविली होती. ती 'वाया जाणारी जागा' म्हणून आम्हीच खोडली, आणि त्या जागेच्या हिशेबात दोन वर्ग अधिक बसविले. छत सपाट, काँक्रीटचे, उघडे. प्रत्येक वर्गात विजेचा फळा, सर्वांत वरच्या मजल्यावर संगणक-कक्ष, दारात देणगीदारांच्या नावांची संगमरवरी शिळा. उद्घाटनाच्या दिवशी सर्वांनी वाहवा केली. काचेचे आम्हां इंदूरकरांना वेड आहेच. शेठ हुकुमचंदजींचे काचमंदिर पाहतच आम्ही लहानाचे मोठे झालो. पण मंदिरातील काच आत, सावलीत आहे. ती पश्चिमेच्या उन्हात उभी नाही, हा भेद त्या दिवशी कोणाच्याच ध्यानी आला नाही.

दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलात वरच्या मजल्यावरील सहावीच्या वर्गात एक मुलगी भोवळ येऊन पडली. सुदैवाने ती लवकरच सावध झाली. वर्गात चार पंखे चालू होते. परंतु पंखा हवा थंड करीत नाही, छताखाली साचलेली ऊन हवाच तो खाली लोटतो. समितीची बैठक तातडीने भरली आणि प्रत्येक वर्गात दोन-दोन वातानुकूलन यंत्रे बसविण्याचे ठरले. ठरावाला अनुमोदन आमचेच होते. यंत्रे बसली, खिडक्या बंद झाल्या. आणि एक नवीनच तक्रार सुरू झाली. दुपारी मुले पेंगू लागली, शिक्षकांची डोकी दुखू लागली. विजेचे बिल तर असे वाढले की पुढील वर्षी शुल्क वाढवावे लागले, व ज्या मुलांसाठी धर्मादा काढला होता त्यांपैकी काहींना त्यामुळे शाळा सोडावी लागली. ही गोष्ट आम्हांस आजही सलते.

ह्यातील मर्म कळण्यास पेवाचे उदाहरण फार उपयोगी पडते. पूर्वी माळव्यात व दक्षिणेत धान्य जमिनीत खोल पेव खणून त्यात साठवीत. पेवाचा गुण असा, की दहा-बारा फूट खोलीवर जमिनीचे तापमान बारा महिने जवळजवळ सारखे असते. वरच्या हवेच्या वार्षिक सरासरीइतके, म्हणजे आपल्याकडे सुमारे पंचवीस-सव्वीस अंश. वर मे महिन्यात चाळीस अंशांचा वणवा पेटला तरी खाली धान्याला त्याची वार्ता नसते. पेवाचा दोष असा, की धान्यही सजीव आहे, ते श्वास घेते; बंद पेवात ते प्राणवायू संपविते व कार्बन वायू सोडते. म्हणून पेव उघडल्यावर हमाल एकदम आत उतरत नसे. आधी दोरीला बांधून दिवा सोडीत; दिवा विझला तर माणूस उतरवीत नसत. हा नियम मोडल्याने दगावलेल्यांच्या गोष्टी प्रत्येक जुन्या पेठेत ऐकावयास मिळत.

आमची काचेची शाळा म्हणजे पेवाचा गुण टाकून दोष तेवढा उचललेली वास्तू होती. भिंतीवर टांगलेले सामान्य वातानुकूलन यंत्र बाहेरची ताजी हवा आत आणीत नाही. आतलीच हवा ते पुनःपुन्हा थंड करून फिरवीत राहते. आता साधा त्रैराशिकाचा हिशेब पाहा. बसलेले एक मूल तासाला सुमारे बारा-तेरा लिटर कार्बन वायू उच्छ्वासातून सोडते. वर्ग चोवीस फूट लांब, वीस फूट रुंद व अकरा फूट उंच धरला तर आतील हवा सुमारे दीड लाख लिटर. त्यात पंचेचाळीस मुले. दारेखिडक्या घट्ट लावल्या तर अर्ध्या तासात त्या हवेतील कार्बन वायू दहा लाख भागांत दोन हजारांच्या वर जातो. बाहेरच्या हवेत तो आज ४२० भागांहून थोडा अधिक आहे, आणि वर्गात हजाराच्या आत राहावा असा सर्वसाधारण संकेत आहे. मुले पेंगत होती ती आळसाने नव्हे. आज हा वायू मोजणारी लहानशी यंत्रे बाजारात मिळतात. विजेच्या फळ्यावर लाखो रुपये वेचणाऱ्या शाळेने असे एक यंत्र प्रत्येक वर्गात लावावे. ते पेवात सोडलेल्या दिव्याचेच काम करते. आकडा चढला की वर्गनायकाने उठून खिडकी उघडावी. आधुनिक तंत्रज्ञान ह्याहून स्वस्त व ह्याहून उपयुक्त क्वचितच मिळेल.

हवेविषयी इतके पुरे. आता उन्हाकडे वळू. कारण खिडकी उघडावयाची तर बाहेरून येणारी व छतातून उतरणारी उष्णता आधी अडविली पाहिजे.

इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस, सुमारे पावणेतेवीस अक्षांशावर वसले आहे. ह्या एका गोष्टीतून शाळेच्या नकाशाचा अर्धा भाग आपोआप ठरतो. जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. म्हणून उन्हाळ्यात सर्वाधिक ताप छताला होतो, दक्षिणेच्या भिंतीला जवळजवळ होतच नाही. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचे छज्जे काढले तर मार्चच्या मध्यान्ही सूर्य सदुसष्ट अंशांवर असतो व सावली पावणेपाच फूट पडते. म्हणजे खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरात तोच सूर्य चव्वेचाळीस अंशांवर उतरतो, सावली दोन फुटांहूनही कमी पडते, आणि थंडीत हवे असलेले ऊन आत येते. उत्तरेची खिडकी तर दिवसभर स्वच्छ, शीतल उजेड देते. सारे संकट पश्चिमेचे आहे. एप्रिलात दुपारी चारच्या सुमारास सूर्य चाळीस अंशांच्याही खाली आलेला असतो. तेव्हा दोन फुटांच्या छज्ज्याची सावली दीड फुटावर संपते व खिडकीचा बाकी सर्व भाग तापत राहतो. मात्र आठ फुटांची पडवी असेल तर त्याच वेळी सहा फुटांहून अधिक सावली मिळते. 'वाया जाणारी जागा' म्हणून आम्ही जी रेघ पेन्सिलीने खोडली, तिची किंमत ही होती. हा हिशेब शाळेतील नववीचा विद्यार्थीसुद्धा करू शकला असता. समितीतील आम्हां सात जणांपैकी एकानेही केला नाही.

पडवीचे महत्त्व जुन्यांना ठाऊक होते. पलासियापासून दूर नसलेली डेली कॉलेजची मुख्य इमारत सर स्विंटन जेकब ह्यांच्या आराखड्याप्रमाणे बांधून १९१२ मध्ये खुली झाली. राजपुत्रांसाठी बांधलेली ती वास्तू खर्चाच्या दृष्टीने आपणांस अनुकरणीय नाही; पण तिच्या रुंद पडव्या, उंच छते व भोवतालची झाडी ह्यांचे अनुकरण करण्यास राजा असावे लागत नाही. उलटपक्षी, यंत्राने घर थंड करण्याची कल्पनाही इंदुरास नवीन नाही. यशवंतराव होळकर महाराजांचा माणिकबाग राजवाडा जर्मन वास्तुशास्त्रज्ञ एकार्ट मुथेसिउस ह्यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी उभारला, त्यात वातानुकूलनाची यंत्रणा होती. परंतु ती एका राजकुटुंबापुरती. आठशे मुलांच्या शाळेला तोच मार्ग लावला की काय होते, ते वर सांगितलेच.

छताविषयी आम्ही जरा विस्ताराने लिहितो, कारण बचतीची सर्वांत मोठी संधी तेथे आहे व देणगीदाराचे लक्ष सर्वांत कमी तेथेच जाते. छतावर कोणाचे नाव कोरले जात नाही ना ! उघडे काँक्रीट दिवसभर ऊन पिते व दुपारनंतर ते खाली ओकते. आमच्या पत्र्याच्या गोदामावर आम्ही दरवर्षी चैत्रात चुन्याचा पांढरा हात देतो, कारण थप्पीच्या वरच्या पोत्यांना ताप लागला तर कीड वाढते, माल उतरतो. आणि शाळेच्या छतावर तो हात देण्याचे मात्र कधी सुचले नाही ! चुना, पांढरा परावर्तक रंग किंवा चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी, ह्यांपैकी काहीही केले तरी फरक हाताला जाणवतो. त्याहून उत्तम म्हणजे छतावर दुसरे छत. आफ्रिकेतील बुर्किना फासो देशात गांदो नावाचे एक खेडे आहे. तेथील फ्रान्सिस केरे ह्या सुताराच्या हुन्नरातून वास्तुशास्त्राकडे वळलेल्या तरुणाने २००१ मध्ये आपल्या गावासाठी शाळा बांधली. भिंती दाबून केलेल्या मातीच्या विटांच्या. वर विटांचेच छत. आणि त्याच्याही वर, मध्ये मोकळी जागा ठेवून, उचलून धरलेले पत्र्याचे छप्पर. ऊन पत्र्याला लागते, मधून वारा वाहतो, वर्गातील तापलेली हवा छताच्या फटींतून वर निघून जाते. त्या गावी तेव्हा वीज नव्हती. २००४ मध्ये त्या शाळेला आगाखान वास्तुपुरस्कार मिळाला, व २०२२ मध्ये केरे ह्यांना प्रित्झकर पारितोषिक लाभले. आमच्या लेखी बोध इतकाच, की सौरपट्ट छतापासून उंच उचलून बसविले तर तेच दुसऱ्या छताचे काम करतात. एकाच खर्चात वीजही मिळते व सावलीही.

पेवाच्या गुणाचा शाळेत उपयोग करून घेतल्याचे उदाहरण तर महाराष्ट्रातच आहे. पुण्याजवळ लवळे येथे अवसरा अकॅडमी नावाची मुलींची निवासी शाळा आहे. केस डिझाइन ह्या वास्तुशास्त्रज्ञांच्या संस्थेने तिची रचना केली, व हवामानाचा हिशेब ट्रान्ससोलार ह्या जर्मन संस्थेने मांडला. तेथे बाहेरची हवा जमिनीखालील नळांतून खेळवून वर्गांत आणली जाते. नळांतून येताना ती मातीच्या शीतलतेने निवते. छतावर सौरधुराडी आहेत. ती उन्हाने तापली की आतील हवा वर ओढली जाते, आणि तिच्या जागी नळांतून नवी, निवलेली हवा येते. म्हणजे जे ऊन शत्रू, त्यालाच पंखा ओढावयास लावले. पेव थंड, पण बंद. येथे पेव थंड आणि वाहते आहे. तथापि ह्या पद्धतीची आंधळी नक्कल इंदुरात करू नये. आपल्याकडे वरची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्याखाली काळा कातळ अनेक ठिकाणी थोड्याच खोलीवर लागतो व खोदाईचा खर्च वाढतो. शिवाय श्रावणातील दमट हवा थंड नळात शिरली की पाणी सुटते. नळाला उतार व निचरा नसेल तर बुरशी धरते. बुरशीचा वास काय असतो, ते ओले सोयाबीन गोदामात घेतलेल्यांना सांगावयास नको.

त्यापेक्षा माळव्याला जन्मतः लाभलेले धन निराळेच आहे. 'शब-ए-मालवा' अशी येथील रात्रीची ख्याती आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरील ह्या पठारावर उन्हाळ्यातही उत्तररात्री हवा निवते. जाड भिंतींच्या इमारतीत रात्री वरची झडपे उघडी ठेवून हा गारवा भरून घ्यावा व सकाळी उन्हाबरोबर झडपे लावावीत. कोरड्या हवेत गोदाम उघडणे व दमट हवेत बंद ठेवणे हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. पहारेकरी विसरेल अशी शंका असेल तर तापमान पाहून झडपे उघडणारे-मिटणारे विजेचे साधन आज मिळते. यंत्राचा खरा उपयोग असा असावा.

येथे कोणी म्हणेल, ऊन काय पूर्वी नव्हते? होते, पण त्याचे वेळापत्रक बदलले आहे, हे भुसार व्यापाऱ्याइतके कोणाला ठाऊक? २०२२चा मार्च हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. ऐन दाणा भरण्याच्या वेळी ताप लागल्याने कित्येक ठिकाणी गहू पोचट राहिला. परखी घातली की हातात येणारा दाणाच ते सांगत होता. १३ मे २०२२ रोजी सरकारने गव्हाची निर्यात बंद केली. गव्हाला जे मार्चमध्ये सोसले नाही, ते मुलांना मार्च-एप्रिलच्या परीक्षांत सोसावे लागते. पूर्वी कडक उन्हाळा म्हणजे सुटी असे. आता तो सुटीची वाट पाहत नाही. आणि आज बांधलेली इमारत पन्नास-साठ वर्षे उभी राहावयाची आहे.

संगणक व विजेचे फळे ह्यांना आमचा विरोध नाही. नातवंडांना त्यांवाचून गत्यंतर नाही. परंतु एक तत्त्व ध्यानी ठेवावे : वर्गात जी वीज येते, ती प्रकाश देवो, चित्र दाखवो वा गणित करो, शेवटी उष्णता होऊन तेथेच राहते. दीडशे वॅटचे चाळीस जुने संगणक म्हणजे सहा किलोवॅटची शेगडी. ती आम्ही सर्वांत वरच्या, सर्वांत तापणाऱ्या मजल्यावर ठेवली होती ! मुलेही उष्णता देतात. एक मूल सुमारे सत्तर वॅट, म्हणजे पंचेचाळीस मुलांची उष्णता जवळजवळ एक टनाच्या वातानुकूलन यंत्राइतकी. मुले कमी करता येत नाहीत, यंत्रे निवडता येतात. संगणक-कक्ष तळमजल्यावर उत्तरेस न्यावा, चाळीस वॅटच्या आतील लहान संगणक घ्यावेत. विजेच्या फळ्यावर पश्चिमेचे ऊन पडू लागले की अक्षरे दिसत नाहीत. मग पडदे ओढतात, आणि भरदुपारी दिवे लावतात. तेजस्काय व वायुकाय जीवांची विराधना टाळण्याचा उपदेश आपण नित्य ऐकतो. सूर्य बाहेर तळपत असता त्याला पडद्याआड करून दिवा लावणे ह्याला अनर्थदंडाशिवाय दुसरे नाव आम्हांस सुचत नाही.

आता रोजमेळ मांडू. जुन्या पद्धतीच्या वर्गात पंचाहत्तर वॅटचे चार पंखे व पन्नास वॅटच्या सहा नळ्या असल्या तर खप सहाशे वॅट. तीस वॅटचे नवे पंखे व वीस वॅटचे दिवे लावले की तोच खप दोनशे चाळीस. छतावर वीस किलोवॅटचे सौरपट्ट रोज सरासरी ऐंशी युनिट देतात. वर्षाकाठी सुमारे एकोणतीस हजार. आपल्या देशात एका युनिटामागे सरासरी सातशे ग्रॅम कार्बन वायू हवेत जातो, त्या मानाने वीस टनांची बचत झाली. पण दहा वर्गांत दीड-दीड किलोवॅट ओढणारी वीस यंत्रे रोज पाच तास चालली, तर एकशे पन्नास युनिट तीच खातात. म्हणजे जमेपेक्षा खर्च जवळजवळ दुप्पट. सौरपट्ट बसवूनही आमचे बिल का उतरेना, ह्याचे उत्तर ह्या दोन ओळींत आहे. प्रथम खर्च आवरावा, मग जमेचा विचार करावा, ही शिकवण आपल्या पेढीवर मुनीम पहिल्याच दिवशी देत असे.

पाण्याचाही विजेशी संबंध आहे. इंदूरचे पाणी जलूद येथून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, नर्मदेतून वर चढवून आणावे लागते. पलासियातील प्रत्येक बादलीत वीज मिसळलेली असते. ह्या उपशासाठी साठ मेगावॅटचा सौरप्रकल्प उभारण्यासाठी नगरपालिका निगमाने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले, ते आपल्यापैकी काहींनी घेतलेही असतील. शाळेचे छत पाच हजार चौरस फूट असेल, तर तीन फूट पावसात गळती वजा जाता सुमारे तीन लाख चाळीस हजार लिटर पाणी त्यावरून ओघळते. ते गटारात जाऊ देणे हा तोट्याचा व्यवहार होय. वसतिगृह असेल तर स्वयंपाकही उन्हावर होतो. भमोरी येथील बरली ग्रामीण महिला विकास संस्था १९८५ पासून आदिवासी मुलींना शिकविते, तिचे सौर स्वयंपाकघर पाहण्यासारखे आहे. तिच्या संस्थापिका पद्मश्री जनक पलटा मगिलिगन ह्यांचे सनावदिया येथील केंद्रही समितीच्या सभासदांनी एकदा अवश्य पाहावे.

बांधकाम-साहित्याविषयी थोडक्यात. एक टन साधे सिमेंट बनविताना आठ-नऊशे किलो कार्बन वायू निघतो. राख मिसळलेल्या सिमेंटात तो पुष्कळ कमी होतो. केरळात लॉरी बेकर ह्यांनी छताच्या खालच्या भागात जुनी कौले भरून काँक्रीट वाचविण्याची रीत रूढ केली. तीही येथे करता येईल. आणि जी इमारत उभी आहे ती न पाडता सुधारणे हेच बहुधा सर्वांत कमी कार्बनाचे बांधकाम ठरते. आमच्या शाळेत गेल्या दोन वर्षांत छत पांढरे केले, सौरपट्ट उचलून घेतले, संगणक खाली आणले, काचेपुढे बांबूचे ताटवे उभे केले. यंत्रे काढली नाहीत; पण आता ती बव्हंशी एप्रिलातच, दुपारच्या दोन तासांपुरती लागतात, आणि तेव्हाही वरचे झडप उघडे असते.

राहिला प्रश्न नव्या विभागाचा. त्याचा नकाशा तयार आहे. वर्ग उत्तर-दक्षिण उजेडाचे, पश्चिमेस जिना व भांडारगृह, पुढे आठ फुटांची पडवी. पडवीमुळे दोन वर्ग कमी होतात, असा आक्षेप कार्यकारिणीत पुन्हा आला आहे, व आक्षेप घेणारे बंधू आमच्या आदरास पात्र आहेत. बारा वर्षांपूर्वी आम्ही हेच शब्द वापरले होते. नकाशा आमच्या पेढीवर ठेवला आहे. ज्यांना तो पाहावयाचा असेल त्यांनी एप्रिलातील कोणत्याही दिवशी दुपारी तीन वाजता यावे. नकाशा दाखविण्यापूर्वी आम्ही त्यांना जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, सहावीच्या वर्गात, यंत्रे बंद ठेवून, मुलांच्या बाकावर अर्धा तास बसविणार आहोत.